वहिनीचं कुंकू आणि माझी रेसिडेन्सी

हे आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं नाही. पडू दिलेलं नाही — असं म्हणायला हवं. आईला माहीत नाही, दादाला माहीत नाही. साताऱ्यात ज्या स्टुडिओत मी लग्नांचे अल्बम करते तिथे कुणाला माहीत असायचं कारणच नाही. एका माणसाला माहीत आहे, आणि ती गप्प आहे. तू फक्त ऐक. मध्ये बोलू नकोस, आणि कृपा करून ‘जाऊ दे, होतं असं’ म्हणू नकोस. ते ऐकलं की माझं डोकं फिरतं.

रागापासून सुरुवात करते, कारण राग मला सोपा जातो.

रेसिडेन्सी म्हणजे काय, हे मी एकदा आईला समजावून सांगत होते. एखादी संस्था असते, ती कलाकाराला महिनाभर, दोन महिने राहायला खोली देते, जेवायला घालते आणि म्हणते, बस, तुझं काम कर. आई भाकरी थापत होती. म्हणाली, “जेवाय घालत्यात आनि कामबी सांगत न्हाईत? मग त्यांचं काय निघतं त्यात?” मी हसले. वडूजजवळच्या आमच्या गावात आयुष्य गेलेल्या बाईला काय कळणार, असं वाटलं मला. तिनंच नेमका प्रश्न विचारला होता, आणि मी हसत बसले.

अशा रेसिडेन्सींना मी आधी खरं काम पाठवत होते, हे तुला माहीत असू दे. सारिका वहिनीचं माहेर तासगावचं. तिकडे द्राक्षं वाळवून बेदाणा करतात. लांबच लांब शेड, हिरवी जाळी, त्या जाळीतून आत येणारा तो विचित्र उजेड, आणि बेदाणा निवडत बसलेल्या बायका. वहिनी स्वतः मला घेऊन गेली. तिच्या ओळखीमुळेच त्या बायका कॅमेऱ्यापुढे मोकळ्या झाल्या, नाहीतर माझ्याकडे कोण बघतंय? ती माझ्यामागे थर्माकोलचा पांढरा तक्ता धरून उभी राहायची, उजेड बायकांच्या तोंडावर पडावा म्हणून. हात दुखले तरी खाली करायची नाही. “वन्सं, बगा की, आता बराबर पडलाय का?” वन्सं म्हणजे मी, तिची नणंद.

ते फोटो चांगले होते. आजही म्हणते, चांगले होते! पण नकार. पुन्हा नकार. सगळे नकार गोड, सगळ्यांत ‘तुमच्या वाटचालीला शुभेच्छा’. शेवटी पुण्यात एका ठिकाणी कामं दाखवायला गेले, तर एक बाई चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या, छान आहे, पण ह्यात तू कुठे आहेस? तुझी जखम कुठे आहे?

जखम! म्हणजे मी दवाखान्यात आले होते का? बेदाणा निवडणाऱ्या बायका हसत होत्या फोटोत, तेच त्यांना खटकलं. खटाव-माणची मुलगी आहे, कोरडा भाग आहे, घरात फौजी आहे — आणि ही हसऱ्या बायका घेऊन येते? परत येताना बसमध्ये मी त्यांना मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या, की विचारू नकोस. आणि शिव्या देता देता विचार करायला लागले, माझ्याकडे जखम कुठली आहे?

बघ हं, इथेच. त्या बाईंनी मला एवढंच विचारलं होतं. खोटं बोल, असं कुणी म्हटलं नव्हतं.

आमच्या घरात मरण नव्हतं असं नाही. अप्पा, माझे वडील, मी शाळेत असतानाच काविळीनं गेले. आई तेव्हापासून तशीच, मोकळ्या कपाळानं वावरते. पण काविळीनं गेलेल्या माणसात कुणाला रस असतो? आणि आईला कॅमेऱ्यापुढे बसवायची माझी छाती नव्हती. दादा मात्र फौजेत. वर, बर्फात, जिथे आठ-आठ दिवस फोन लागत नाही. आणि घरी तरुण बायको. दिसायला नीटस, डोळे मोठे.

समजलं तुला? मला वाटतं, समजलं असेल.

एक सांगायचं राहिलं. आमच्या आईचा एक नियम होता. फौजीच्या बायकोनं टिकली लावायची नाही, कुंकूच लावायचं. टिकली पडते कुठेही, भांडी घासताना, झोपेत. पडली की घर घाबरतं. म्हणून वहिनी बी.ए. झालेली असूनसुद्धा रोज सकाळी मेण लावून त्यावर कुंकू लावायची, गोल, ठसठशीत. मी तिला चिडवायची त्यावरून. ती म्हणायची, “आत्यांचं समाधान हुतं, माझं काय जातंय?” आत्या म्हणजे तिची सासू, माझी आई.

आई वडूजच्या बाजाराला गेली होती, तो दिवस मी धरला. दादाची काळी फौजी ट्रंक खिडकीजवळ ओढली. त्याची वर्दी मागच्या खुंटीला अडकवली. वहिनीला फिकट साडी नेसायला लावली, मंगळसूत्र पदराखाली घ्यायला सांगितलं. मी म्हटलं, वाट बघणारी बाई दाखवायची आहे. मग कुंकवाचं आलं. ती म्हणाली, “वाट बगनारीच्या कपाळाला कुंकू नसतं व्हय?”

मी म्हटलं, लाल रंग फोटो खाऊन टाकतो. नजर थेट तिथेच जाते, बाकी काही दिसत नाही. हे तांत्रिक आहे वहिनी, तुला नाही कळायचं.

ती तरीही बसून राहिली. मग मी माझं शिक्षण बाहेर काढलं. तू शिकलेली, तू पण असलं मानतेस? कुंकू पुसलं म्हणून काय तिकडे दादाला गोळी लागणार आहे का?

हे मी बोलले. माझ्या सख्ख्या भावाबद्दल, त्याच्या बायकोसमोर, त्याच्याच ट्रंकेवर तिला बसवून.

वहिनीनं कुंकू पुसलं. मी फोटो काढले. उजेड उतरत होता, घाई होती. एका फोटोत तिनं खिडकीकडे बघितलं, आणि — काय सांगू — तो फोटो खरंच असा आला, की माझ्याच अंगावर काटा आला. तिच्या डोळ्यांत जी भीती होती ती अभिनयाची नव्हती. ती मीच तिच्यात घातली होती.

अर्जासोबतचं इंग्रजी मी स्टुडिओत बसून लिहिलं. सीमेवर भाऊ गेल्यानंतरची माझी वहिनी. ‘गेल्यानंतर’ साठी इंग्रजीत फार छान, मऊ शब्द असतात. मराठीत लिहायचं असतं तर माझ्या हातून ते उमटलं नसतं, अशी मी स्वतःची समजूत घालते. पण ती समजूतच. ज्याला लिहायचं असतं तो कुठल्याही भाषेत लिहितो.

माझी निवड झाली. अर्थातच झाली! जखम मिळाली होती त्यांना. वहिनीनं गूळ-खोबरं वाटलं गल्लीत.

आणि मग त्या संस्थेनं निवडलेल्यांची कामं इंटरनेटवरच्या आपल्या पानावर टाकली. प्रत्येकाचा एक फोटो, खाली दोन ओळी. मला हे माहीत नव्हतं का? माहीत होतं. पण इंग्रजी पान, कोण बघणार आमच्याकडचं, असं वाटलं. पुण्यात नोकरीला असलेल्या आमच्याच गावच्या एका मुलानं बघितलं. त्यानं ते गावाच्या ग्रुपवर टाकलं, ही आपल्या गावची सून ना, म्हणून. त्याखाली कुणीतरी लिहिलं, भावपूर्ण श्रद्धांजली. मग दुसऱ्यानं. मग हात जोडलेल्या खुणांची रांग. फोन लावून विचारावं असं एकालाही वाटलं नाही! आपल्याकडे श्रद्धांजली वाहायची घाई केवढी असते बघ. माणूस मेलाय का, हे नंतर.

मला कसं कळलं, सांगू? मी साताऱ्यात स्टुडिओत होते. गावातल्या एका मुलाचा फोन आला. रडवेला आवाज. “ताई, दादाचा वर्दीतला चांगला फोटो हाय का? चौकात फ्लेक्स लावायचाय. जरा मोठा पाठवा, नायतर फुटतोय.”

एका क्षणात सगळं कळलं मला. सगळं. काही शंका नव्हती.

आता हे नीट ऐक. मला त्याच क्षणी आईला फोन करता आला असता. दादा ठीक आहे, ही माझी करणी आहे — एवढंच बोलायचं होतं. मी केला नाही. आधी दादाला लावला, तो लागत नव्हता, कधीच लागत नाही. मग मी स्वतःला सांगितलं, आधी खात्री व्हायला हवी. कसली खात्री? मग मी स्टँडवर आले आणि वडूजच्या गाडीत बसले. घरून फोन येत होते. आईचा, शेजारच्या काकूंचा, परत आईचा. मी फोन पालथा करून मांडीवर ठेवला. कोरेगाव गेलं. पुसेगाव गेलं. माझी आई तिकडे मुलासाठी छाती पिटत होती, आणि मी गाडीत बसून काय बोलायचं ते जुळवत होते.

दारात अर्धं गाव. आई उंबऱ्यावर, आवाज बसलेला, नुसते ओठ हलत होते. माजी सैनिकांतले दोघे-तिघे म्हातारे आले होते. त्यांतले एक सुभेदार सगळ्यांना दटावत होते, “आवं, फौज असं मोबाइलवर कळवत न्हाई. दम धरा जरा.” त्यांचं ऐकतंय कोण? बायकांनी रडायला सुरुवात केली होती. आणि दोघी म्हाताऱ्या वहिनीकडे सरकल्या होत्या — तुला माहीत आहे आपल्याकडे कशासाठी सरकतात. बांगड्यांसाठी. कपाळासाठी.

वहिनी भिंतीला पाठ लावून उभी होती. दोन्ही हात पदराखाली घट्ट. ती ओरडत नव्हती, रडत नव्हती. एकच वाक्य म्हणत होती, पुन्हा पुन्हा. “फोन लागू द्या. तवर मला हात लावू नका.” सगळ्या गल्लीच्या बायका एकीकडे आणि ती एकटी एकीकडे. आणि तिनं हात लावू दिला नाही. कुंकू तसंच होतं, मेणावरचं, गोल.

दिवेलागणीला दादाचा फोन लागला. त्याच्या कंपनीतल्या कुणीतरी सुभेदारांच्या ओळखीनं निरोप पोचवला होता. त्याचा आवाज आला, “काय गं आई, काय झालं?” आईनं तो फोन तोंडाला लावला, कानाला लावला, परत तोंडाला लावला. भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. माणसं हसली, रडली, फ्लेक्सवाल्या पोरांना शिव्या घालून पांगली. मला वाटलं, सुटले.

पण आई फार हुशार बाई आहे. माणसं गेल्यावर तिनं शेजारच्या पोरीच्या मोबाइलवर तो फोटो मागितला. बराच वेळ बघितला. ती स्वतः त्या कपाळानं जगलेली, तिला फोटोतलं कपाळ वाचायला इंग्रजी लागणार होतं थोडंच? तिनं वहिनीला विचारलं, “ही कवा बसलीस अशी?” वहिनीनं माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. तू सांग, एवढंच होतं त्या बघण्यात. तिला खात्री होती मी सांगणार म्हणून.

मी म्हणाले, “मी म्हटलं होतं वहिनीला, कुंकू लाव म्हणून. तीच म्हणाली, राहू दे.”

हे ते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

आणि खालच्या ओळी त्या संस्थेनं चुकीच्या लिहिल्या, इंग्रजीत गडबड झाली, असंही म्हणाले. तेही पटलं सगळ्यांना. माझं सगळंच पटतं घरात, मी साताऱ्यात राहते ना.

वहिनी काहीच बोलली नाही. तिनं का सांगितलं नाही? मला तिचा राग येतो, ऐकतेस ना? आजही येतो. एक वाक्य बोलली असती तर मी उघडी पडले असते आणि सुटलेही असते. ती ज्या तोंडानं अख्ख्या गल्लीला अडवून उभी होती, तेच तोंड माझ्यासमोर मिटलं. तिनं माझ्यावर उपकार केले की मला शिक्षा दिली, हे मला ठरवता येत नाही. आणि जिचा मी घात केला तिच्यावरच मी चिडते, ही माझी लायकी.

आई तिला एवढंच म्हणाली, “माझ्या पोराला जितेपनी मारलंस तू.” त्याच आठवड्यात तिला तासगावला पोचवलं.

मी रेसिडेन्सीला गेले. हो, गेले! न जाणं शोभलं असतं, पण मी गेले. जाण्याआधी संस्थेला कळवलं की घरच्यांच्या दुःखाचा मान राखून तो फोटो काढून टाका. त्यांनी लगेच काढला आणि माझ्या संवेदनशीलतेचं कौतुक केलं. तिथे डोंगरावर छान खोली होती, मोठी खिडकी, वेळेवर चहा. जेवणाच्या टेबलावर लोक माझ्या खांद्यावर हात ठेवायचे. किती धीराची आहेस, म्हणायचे. मी मान खाली घालायची. आणि दादाचा फोन आला की बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बोलायची, कारण मेलेल्या भावाचा फोन येत नसतो. तो विचारायचा, काम बरं चाललंय ना गं? दमू नकोस. मी म्हणायची, हो. एकही धड फोटो काढला नाही मी तिथे.

आई विचारत होती ना, त्यांचं काय निघतं त्यात? आमचं काय गेलं, ते मला सांगता येईल.

दादा सुट्टीवर आला तेव्हा तासगावला जाऊन वहिनीला घेऊन आला. तिच्यावर ओरडला नाही. काही विचारलंही नाही. मला वाटतं, न विचारणं जास्त वाईट. तो तिच्याशी बोलतो, पण तिच्या कपाळाकडे बघत नाही. आणि आईनं तिला घरात घेतलं, पण देवापुढे, हळदीकुंकवाला, शुभकार्याला तिनं पुढे यायचं नाही, हे ठरून गेलं. कुणी बोलून ठरवलं नाही. ठरलं.

आता एक दुरुस्ती. मघाशी मी तुला म्हणाले, वहिनीनं कुंकू पुसलं. बघ, तुझ्याशी बोलतानाही मी ते तसंच सांगितलं, सहज, सवयीनं. तिनं पुसलं नाही. गोळीबद्दल मी बोलले तेव्हा तिनं दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले आणि म्हणाली, “नको वन्सं. दुसरं कायबी सांगा.” उजेड चालला होता. मला राग आला, तिच्या अडाणीपणाचा, ढगांचा, त्या चष्मेवाल्या बाईंचा. मी पुढे झाले, डाव्या हातानं तिची हनुवटी धरली आणि उजव्या अंगठ्यानं तिचं कुंकू पुसलं. मेण होतं, एकदा पुसून जाईना. दोनदा, तीनदा जोर लावून पुसलं. तिनं डोळे मिटले. मग त्याच अंगठ्यानं मी कॅमेरा धरला. अख्ख्या गल्लीच्या बायकांना जे जमलं नाही ते मी एकटीनं केलं होतं, आणि तिनं मला करू दिलं, कारण मी तिची वन्सं होते.

दादा दर वेळी सुट्टी संपवून निघतो तेव्हा दारात त्याला ओवाळतात. आधी वहिनी ओवाळायची. आई ओवाळत नाही, ती मागे उभी राहते. आता ओवाळायला मला साताऱ्याहून बोलावतात. घरातली लेक, हात चांगला, असं आई म्हणते. मी कुंकू अनामिकेनं लावते, अंगठा मुठीत दाबून धरते. कुणाच्या लक्षात येत नाही.

ताट वहिनी तयार करते. आत, स्वयंपाकघरात. हळद, कुंकू, अक्षता, सुपारी, निरांजन, सगळं जागच्या जागी. वात पेटवते, दारापर्यंत येते आणि उंबऱ्याच्या आतच थांबून ताट माझ्या हातात देते. मागच्या वेळी दादा बूट घालत होता, बाहेर वारं सुटलं होतं.

म्हणाली, “वन्सं, वात सांभाळा. वारं हाय.”

मी ताट घेतलं आणि बाहेर गेले.